कानातली बाई

माहेरी नागपूरला गेले, की शेजारच्या काकू दर वेळी विचारतात, "तू तिकडे सिनेमात आहेस ना गं? मग दिसत कशी नाहीस?" मी सांगते, "काकू, मी दिसत नाही, नुसती ऐकू येते." त्यावर त्या माझ्या आईकडे अशा नजरेनं बघतात, की जावयानं हिला एकदा चांगल्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "मेश्रामबाई, परदेशातल्या मराठी माणसाची यशोगाथा नको. कामाबद्दल लिहा." मला ही अट अजिबात जड गेली नाही. यश हा माल आमच्याकडे फारसा नसतोच.

काम असं. हायडेलबर्गमध्ये एक छोटंसं सिनेमागृह आहे. तिथे जगभरचे जुने चित्रपट दाखवतात. पुष्कळ प्रतींवर खाली जर्मन ओळी नसतात. मग प्रोजेक्टरच्या शेजारी, फोनबूथपेक्षा जरा मोठ्या खोलीत एक माणूस बसतो, समोर माइक घेतो आणि चित्रपट चालू असताना सगळ्यांचे संवाद जर्मनमध्ये बोलत जातो. ज्यांना हवं ते प्रेक्षक दारातून हेडफोन उचलतात. याला इथे आइनश्प्रेशेन म्हणतात. हा उद्योग मी बरीच वर्षं केला. नायक मी, नायिका मी, नायिकेचा बाप मी, त्याला लुबाडणारा सावकारही मी. एका फिनिश चित्रपटात एक म्हातारा घोड्याशी बोलायचा. घोडा उत्तर देत नव्हता, म्हणून तेवढा माझ्या हातून वाचला.

या कामाचा पहिला नियम म्हणजे अभिनय करायचा नाही. भावना पडद्यावरच्या मूळ आवाजात असतात. आपण फक्त अर्थ पोचवायचा, तोही सपाट आवाजात आणि क्षणभर मागून. "तुम्ही खिडकीची काच आहात," असं सिनेमागृह चालवणाऱ्या उलरिकनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. तेव्हा मी कशालाही गेनाऊ म्हणत असे. जर्मन एम.ए. करून नवऱ्याच्या संशोधनामागे इथे आलेल्या बाईला एवढा एक शब्द फार लांब नेतो.

अडचण अशी होती, की मी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात ढाली मिळवलेली मुलगी. माझा आवाज सपाट बसत नाही. पहिल्याच इटालियन चित्रपटात नायिका रडली आणि तिच्यामागून क्षणभरानं मीही रडले. हॉलमधले लोक मागे वळून बघायला लागले. चित्रपट संपल्यावर उलरिक आत आली आणि शांतपणे म्हणाली, "फ्राऊ मेश्राम, काच रडत नाही."

माझ्या उच्चारांबद्दलही तक्रारी यायच्या. एका गृहस्थांनी लिहून कळवलं, की रशियन चित्रपट सुंदर होता, फक्त सायबेरियातले सगळे लोक भारतीय का होते हे उलगडलं नाही. उलट हेर, म्हणजे श्रीयुत, लुट्झ नावाचे एक निवृत्त वकील माझे निस्सीम चाहते होते. ते प्रत्येक खेळाला यायचे, हेडफोन लावायचे आणि नावं पडद्यावरून जायच्या आत झोपायचे. झोपेसाठी तुमच्यासारखा आवाज नाही, असं ते मला दोन्ही हात हातात घेऊन सांगत. मला कितीतरी दिवस त्याचा अभिमान वाटत होता. शेवटी माझ्या मुलीनं, मैत्री तिचं नाव, ती कौतुकाची गोष्ट नाही हे मला समजावलं. जर्मनमध्ये, कारण ती मराठीतला प्रश्न ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते.

अशात उलरिकला एका संग्रहातून एक जुना अमेरिकन चित्रपट मिळाला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातलं एक कृष्णवर्णीय कुटुंब. दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं कापूस काढणारं. नवरा, बायको, तीन मुली आणि नवऱ्याची आई. नदीला पूर येतो, पीक जातं, नवरा बांधाच्या कामावर मजुरीला जातो आणि परत येत नाही. मेला की पळाला, कुणालाच ठाऊक नाही. जमीनमालक म्हणतो, थोरलीला शाळेतून काढ आणि कापूस वेचायला लाव. आई नाही म्हणते. तिचं ते नाही म्हणणं आणि त्यानंतर तिला एकटीला करावं लागलेलं सगळं काम, म्हणजे तो चित्रपट. मोठे प्रसंग जवळजवळ नाहीत. माणसं काम करतात, जेवतात, रविवारी चर्चला जातात, एकमेकांची चेष्टा करतात.

मी तो घरी पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या अंगात संचारलं. आमच्या दिवाणखान्यात निळ्या कोटातला फोटो आहे. त्याच्याखाली बसून मी ठरवलं, की हा चित्रपट हायडेलबर्गला माझ्याइतका कुणी समजावून सांगू शकणार नाही. मग मी शब्दन् शब्द भाषांतरित केला. पडवीतली कुजबुज, मागे चाललेल्या बायकांच्या गप्पा, कोंबड्यांना घातलेल्या शिव्या, सगळं. चर्चमधल्या गाण्याचं तर यमक जुळवून जर्मन केलं आणि स्वयंपाकघरात चालीवर म्हणूनही पाहिलं. आमचे हे चहा घ्यायला आले होते. ते दारातच थांबले.

"अहो, कसं वाटतं?" मी विचारलं.

"आल्झो," हे म्हणाले, म्हणजे आपलं 'तर मग', आणि कप घेऊन बाहेर गेले. हे वैज्ञानिक आहेत. पुरेसा पुरावा नसला की मत देत नाहीत. असला की आणखीच देत नाहीत.

एका शब्दावर मात्र मी खरंच अडले होते. मालक त्या नवऱ्याला 'बॉय' म्हणतो. नवऱ्याचे केस पांढरे व्हायला लागलेले, तीन मुलींचा बाप, आणि हाक बॉय. जर्मनमध्ये त्याला 'युंगं' म्हटलं, तर फुटबॉल खेळायला बोलावल्यासारखं लाडिक वाटतं. उलरिकला वाटत होतं, की आजच्या प्रेक्षकांना काहीतरी सौम्य द्यावं. मला माझे आजोबा आठवत होते. साठी उलटलेली, खांद्यावर उपरणं, आणि गावच्या पाटलाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना "ए सद्या" म्हणायचं. ते उभे राहून "जी" म्हणायचे. मी वहीच्या पानावर डझनभर जर्मन पर्याय लिहिले आणि सगळे खोडले. ए सद्या जर्मनमध्ये येईना.

प्रत्यक्ष खेळाआधी आम्ही एक तालीम करतो. रिकाम्या हॉलमध्ये चित्रपट लावायचा आणि मी माइकवर बोलून पाहायचं. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास, उंच, सावळ्या, कुरळे पांढरे केस अगदी बारीक कापलेले. उलरिकनं ओळख करून दिली. डॉक्टर मारिआने फोग्ट, निवृत्त दंतवैद्य. त्यांचे वडील इथल्या अमेरिकन छावणीतले कृष्णवर्णीय सैनिक होते. मारिआने आईच्या पोटात असताना त्यांची बदली झाली आणि ते गेले, ते गेलेच. आई हायडेलबर्गची. तिनं पुन्हा कधी त्यांचं नाव काढलं नाही आणि घरात इंग्रजी बोलू दिलं नाही. चित्रपट ज्या भागात घडतो, त्याच भागातले ते होते. खेळाआधी मारिआने प्रेक्षकांशी चार शब्द बोलणार होत्या, म्हणून त्यांना चित्रपट आधी पाहायचा होता.

मला फार बरं वाटलं. माझं काम कळणारं माणूस मिळालं होतं. मी त्या दिवशी जीव ओतून बोलले. गाणं तर जवळजवळ म्हटलंच.

दिवे लागल्यावर मारिआने केबिनपाशी आल्या. हेडफोन त्यांच्या हातात होते.

"फ्राऊ मेश्राम," त्या म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगत आले. बंद करायला सांगावं लागतंय अशा तुम्ही पहिल्या."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुमचं जर्मन चांगलं आहे. पण तुम्ही फार बोलता. ती बाई बोलते आणि लगेच तुम्ही तिच्यावर बसता. मला तिचा आवाज ऐकू येत नाही."

"पण अर्थ?" मी म्हणाले. "तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"वाचता येतं. दातांपुरतं." त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवले. "माझ्या आजीचा आवाज कसा असेल, माझ्या आत्या कशा बोलत असतील, हे मला सांगणारं कुणी नाही. या बायका तसं बोलतात. अर्थ थोडा कमी कळला तरी चालेल."

मला राग आला, हे लपवत नाही. एवढी मेहनत केलेली. मी म्हटलं, निदान हा एक शब्द तरी मला सोडवून द्या, आणि बॉयची अडचण सांगितली. आजोबांचंही सांगितलं. त्यांनी ते अर्ध्यावर न तोडता ऐकलं.

"तो शब्द तसाच राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथे काहीच बोलू नका. या गावात मी शाळेत होते. मला काय काय म्हणत होते, ते सगळं जर्मनमध्येच होतं. हॉलमधल्या लोकांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि आमच्या संसारात कधी न दिसलेल्या आस्थेनं विचारलं, "या डॉक्टर अजून पेशंट घेतात का?"

पुढचे दिवस मी खोडण्यात घालवले. आधी कोंबड्या गेल्या. मग पडवीतल्या गप्पा गेल्या. गाणं काढताना मला आप्त गेल्यासारखं वाईट वाटलं. जमीनमालक आणि नवरा समोरासमोर येतात तिथे मी 'थांब' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, कारण स्वतःवर माझा भरवसा नव्हता. शेवटच्या प्रसंगात तर एकच वाक्य उरलं. नवरा परत येतो. त्याला मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं असतं. बायको पडवीत शेंगा सोलत बसलेली असते. ती त्याला फाटकात उभा बघते, हात थांबवत नाही, आणि एवढंच विचारते, की तू जेवलास का. चित्रपट तिथेच संपतो. त्या वाक्याचं जर्मन पहिलीतलं मूलही करील.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. हायडेलबर्गचे विद्यार्थी, आखन शहरातून आलेली आपली काही मराठी मुलं, नेहमीचे यशस्वी झोपणारे हेर लुट्झ. मारिआने पुढे उभ्या राहून थोडंच बोलल्या. "माझे वडील या भागातले होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. आज मी त्यांच्या शेजाऱ्यांना भेटायला आले आहे." आणि जाऊन बसल्या.

खेळ सुरू झाला. मी आयुष्यात इतकी कमी बोललेली नाही. मी गप्प बसले, की मला माझ्याच हेडफोनमधून ती आई ऐकू यायची. ती शब्द ओढायची, वाक्याच्या शेवटी आवाज खाली न्यायची, जणू वाक्य हळूच खाली ठेवतेय. घरी इतक्या वेळा पाहूनही मी तिला ऐकलंच नव्हतं. मी तर भाषांतर करत होते. मालक बॉय म्हणाला तेव्हा मी ओठ दाबून धरले. हॉलमध्ये कुणी तरी खुर्चीत हललं, बाकी काही नाही.

मग शेवट आला. तो फाटकात उभा राहिला. तिनं शेंगा सोलत त्याच्याकडे पाहिलं. तिनं विचारलं. आणि मी, क्षणभर मागून, माइकवर, सपाट आवाजात म्हणाले, "जेवलात का?"

मराठीत. तेही अहोजाहो करून.

माझे वडील वीजकेंद्रात होते. त्यांची बदली चंद्रपूरला झाली, आम्ही नागपूरला राहिलो. ते कधीही, न कळवता, धुळीनं भरून दारात उभे राहायचे. आईनं त्यांना कसे आहात, किती दिवस झाले, असं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. ती हातातलं काम चालू ठेवून एवढंच विचारायची. पडद्यावरच्या बाईनं माझ्या आईच्याच सुरात विचारलं आणि माझं तोंड आपल्या वाटेनं गेलं. चूक कळली तेव्हा मी जर्मन वाक्य शोधू लागले, ते सापडेना. ज्या वाक्यासाठी मला तालमीची गरज नव्हती, तेच वाक्य. मी माइकसमोर तोंड उघडं टाकून बसले आणि पडद्यावर नावं यायला लागली.

बाहेर एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, शेवटचं वाक्य तिथल्या जुन्या बोलीतलं होतं का, फार सुंदर वाटलं. मी म्हटलं, हो, जुनी बोली आहे. हेर लुट्झनी गंभीरपणे कळवलं, की ते त्या वाक्यानं जागे झाले. आखनची मराठी मुलं कोपऱ्यात एकमेकांना धरून हसत होती. त्यातला एक पुढे येऊन म्हणाला, "काकू, आम्ही नाही जेवलो." उलरिक माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला जे म्हणायचं होतं, ते तिनं इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा म्हणून संपवलं होतं.

मारिआने सगळे गेल्यावर आल्या. डोळे लाल होते, आवाज नेहमीचा.

"शेवटी काय म्हणालात?"

मी सांगितलं. आईचंही सांगितलं. आणि माफी मागितली.

त्यांनी ती बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला एक भाऊ आहे. सावत्र. लाळेच्या डीएनए तपासणीत सापडला. आयुष्यभर दुसऱ्यांची लाळ पुसली, शेवटी स्वतःची पाठवली." वडील वारले होते. भाऊ वडिलांच्याच खेड्यात राहत होता. त्याचा नंबर त्यांच्याकडे उन्हाळ्यापासून पडून होता. "मी फोन करत नाही, कारण बोलू काय? तुम्ही माझ्याजवळ बसाल का? तो काय म्हणतो ते सांगायला?"

मी लगेच हो म्हटलं. एवढा मान मला सिनेमागृहात कधी मिळाला नव्हता.

पुढच्या शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. नेकार नदीच्या काठावर तिसऱ्या मजल्यावरचं घर. त्यांनी प्लमचा केक केला होता. मी साडी नेसून गेले होते, का ते विचारू नका. फोन टेबलावर टेकवून ठेवला, मारिआनेंनी बटण दाबलं आणि पडद्यावर एक टकला, जाडसर, चष्मा लावलेला माणूस आला. त्याच्या मागे जाळीचं दार होतं. तो बोलायला लागला.

मला एक अक्षर कळलं नाही.

मी खोटं सांगत नाही. चित्रपटातली माणसं निदान कॅमेऱ्यासाठी बोलत होती. हा आपल्या बहिणीशी बोलत होता, भरभर, शब्द गिळत, मध्येच हसत. मी वाकून फोनला कान लावला. त्याला पडद्यावर माझा कान दिसला असावा, कारण तो थांबून काही तरी म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. मारिआने माझ्याकडे बघत होत्या.

"तो म्हणतो," मी म्हणाले, "की हवा बरी आहे." असेलही.

मग मारिआने स्वतःच बोलायला लागल्या. दातांपुरत्या इंग्रजीत, क्रियापदं जर्मनसारखी वाक्याच्या टोकाला टाकून. तो हळू झाला. त्याला न कळलं की तो हातानं करून दाखवायचा. त्यानं फोन फिरवून पुढचं शेत दाखवलं. मारिआनेंनी कापूस का म्हणून विचारलं. सोयाबीन, तो म्हणाला. आमच्या विदर्भातही कापूस जाऊन तेच आलं, हे मला सांगावंसं वाटलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी केकचा दुसरा तुकडा घेतला. माझी तिथे कुणालाही गरज नव्हती आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटत नव्हतं.

बोलता बोलता त्यानं त्यांना विचारलं, की घरात तुला काय हाक मारतात. मारिआनेंनी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं. त्याचं हसू थांबलं. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं पुसला आणि एक वाक्य बोलला, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून.

मारिआने माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मला बरोबर कळलं का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. "तो म्हणाला, त्याच्या तिकडच्या थोरल्या बहिणीचं नाव मेरी ॲन आहे, म्हणजे माझंच. आणि ते पप्पांनी ठेवलं. त्याच्या आईला दुसरं हवं होतं, पण पप्पांनी ऐकलं नाही. असंच म्हणाला ना?"

त्या दुपारचं तेवढं एक वाक्य मला नीट समजलं होतं.

"या," मी म्हणाले, म्हणजे जर्मनमधलं हो.

मग त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला, बाल्कनीचं दार कोपरानं उघडलं आणि बाहेर जाऊन भावाला नदी दाखवू लागल्या. हा जुना पूल, तो किल्ला, तिकडे छावणी होती, तिथून पप्पा यायचे. सगळं जर्मनमध्ये. आणि तिकडून तो प्रत्येक वाक्याला येस, येस म्हणत होता.